दर्जाप्रमाणे लोखंड

उस्मानाबाद, ११ नोव्हेंबर १९४५

आज संध्याकाळी या गावातल्या शहाण्या म्हणवणाऱ्या माणसांनी माळावर उभे राहून एका पांढऱ्या चेंडूला मनसोक्त शिव्या दिल्या. मीही तिथे होतो. शिव्या दिल्या नाहीत, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक.

नवे तालुकदार करामत हुसेनसाहेब यांनी जिल्ह्याचा कारभार हाती घेतला न घेतला तोच हातलाईच्या डोंगराखालचा माळ साफ करवून गोल्फ सुरू केला. विलायतेत म्हणे चेंडू घालायच्या भोकाभोवती हिरवळ असते. इथे पावसाळ्यातही गवत धड उगवत नाही, म्हणून वाळूत तेल कालवून तपकिरी गोल थापले आहेत. तेल शरणबसप्पा घाणीवाल्याकडचे, करडईचा तळाला बसलेला गाळ. त्यामुळे साऱ्या खेळाला शिळ्या भज्यांचा वास येतो. साहेब खेळतात म्हणून पोलिसांचे मोहतमीम खेळतात, ते खेळतात म्हणून मुन्सफ, आणि आता शरणबसप्पाही धोतराचा काचा मारून काठी उगारतो. साहेबांना उद्या गोवर निघाला तर ही मंडळी अंगाला कुंकवाचे ठिपके लावून कचेरीत येतील.

मी का जातो, हे इथे तरी खरे लिहिले पाहिजे. गौराच्या शाळेसाठी जातो.

गौरा माझी धाकटी बहीण. विधवा झाल्यापासून कळंबला मठाच्या ओसरीवर मुलींना मराठी लिहावाचायला शिकवते. दिवाळीच्या तोंडावर सरकारी नोटीस आली की परवानगीवाचून खासगी शाळा चालवता येणार नाही. ओसरी बंद झाली, आणि तिचा अर्ज तालुकदारांच्या कचेरीत पडून आहे. नुसत्या शाळेचा प्रश्न असता तर मी एवढे मनावर घेतले नसते. पण गौराने मुलींच्या बापांकडून मठाच्या स्वामींसमोर बेल उचलून शब्द घेतला आहे. शाळा चालू आहे तोवर मुलीच्या सोयरिकीची बोलणी करायची नाहीत. शाळा बंद झाली की शब्दही सुटला. माघ-फाल्गुनात लग्नाच्या तिथी भरपूर आहेत. तिची सगळ्यात हुशार मुलगी तुळजा बारा वर्षांची आहे, आणि तिच्या बापाकडे तामलवाडीहून आताच विचारणा झाली आहे.

तेव्हा साहेबांची मर्जी बसली की योग्य वेळी, योग्य शब्दांत विषय काढायचा. हे लाचारीत बसते का? बराच विचार केला. बसत नाही असे वाटते, कारण मी अजून काहीच मागितलेले नाही.

२ डिसेंबर

मला क्लबचा चिटणीस केले. खेळावरचे इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा या जिल्ह्यात मी एकटाच, हे कारण. बाकीच्यांनी त्यातली चित्रे पाहिली.

पहिला नियम मी स्वतः लिहिला. मैदानावर कचेरीचे काम कुणी काढायचे नाही. साहेब म्हणाले, ‘बहुत खूब, वकीलसाब.’ गुंडाप्पा पेशकार मात्र दात काढून हसला. हा साहेबांपुढे कागद सरकवतो, आणि तेवढ्यावर स्वतःला निम्मा तालुकदार समजतो. म्हणाला, ‘मंग इथं येतंय कशाला कुणी? चेंडू बघाया?’ सगळे हसले. ज्याला जगात वशिल्यापलीकडे काही दिसत नाही, त्याला नियम म्हणजे विनोदच वाटणार.

हा नियम माझ्याच आड येतो, हे लिहिताना मला कळत नव्हते असे नाही. उलट म्हणूनच तो लिहिण्याचा अधिकार मला पोचतो.

१६ डिसेंबर

सोलापूरला जाऊन आलो. लढाई संपल्यामुळे तिथले गोरे लोक सामान विकून मायदेशी निघाले आहेत. क्लबसाठी त्यांच्याकडून जुन्या काठ्या आणल्या. लाकडी डोक्याच्या काठ्या आपल्या मुरमाड माळावर फुटतात, तेव्हा खरा भरवसा लोखंडी पात्याच्या काठ्यांवरच. इथे सगळे त्यांना नुसते ‘लोखंड’ म्हणतात.

आणलेल्यांत तीन जातींची लोखंडे आहेत. पहिली पातळ पात्याची, लहान तोंडाची, आरशासारखी. हातात घेतले की माणसाला आपण कुणीतरी आहोत असे वाटते. पण चेंडू नेमका जिथे लागला पाहिजे ती जागा चिंचोक्याएवढी. जरा इकडे तिकडे झाले की चेंडू भलतीकडे जातो आणि कळ कोपरापर्यंत येते. दुसरी मधल्या बेताची. तिसरी जाड तळाची, रुंद तोंडाची, कुदळीच्या कुळातली. दिसायला गावठी, पण फटका चुकला तरी चेंडू निमूटपणे पुढे जातो. पुस्तकाचे म्हणणे स्पष्ट आहे. हात जितका कच्चा, तितके लोखंड जाड घ्यावे. पातळ पाते वर्षानुवर्षे खेळलेल्यासाठी. नवशिक्याने ते घेणे म्हणजे बाराखडी न येणाऱ्याने बोरू सोडून शिलालेखाची छिन्नी मागणे.

इतकी साधी गोष्ट आहे. रविवारी सर्वांना हे तत्त्व सांगून ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे लोखंड देणार.

२३ डिसेंबर

आज वाटप झाले. माणसांविषयी माझे मत चांगले कधीच नव्हते, पण ते इतके बरोबर असेल असे वाटले नव्हते.

मी तत्त्व सांगायला तोंड उघडले तेवढ्यात गुंडाप्पाने जाड लोखंड उचलून तळहातावर तोलले. ‘ह्ये सायबाला देनार तुमी?’

‘साहेबांचा हात अजून बसलेला नाही,’ मी म्हणालो.

‘हात न्हाय वकीलसाब, हुद्दा बघा. ह्ये शिपायाच्या हातातलं दांडकं हाय.’

शरणबसप्पा मध्येच म्हणाला, ‘माझं सायबापेक्षा भारी दिसू देऊ नका. पन मुन्सफापेक्षा हलकंबी नको.’ मुन्सफाने ते ऐकून आपले लोखंड बदलून मागितले. दरबारात कुणाचा कमरपट्टा केवढा चकचकीत हे जसे ठरलेले असते, तशी लोखंडे दर्जाप्रमाणे लागू लागली. वर पातळ, खाली जाड. हे लोक देवळातला प्रसादही दर्जाप्रमाणे खारट-गोड करून मागतील.

साहेब उशिरा आले. औरंगाबादेत वाढल्यामुळे ते मराठी चांगले बोलतात. म्हणाले, ‘मला काय कळतं त्यातलं? वकीलसाब देतील ते.’ मी अडचणीत पडलो. ज्याने चारचौघांत विश्वास टाकला त्याच्या हातात चारचौघांत नवशिक्याचे लोखंड ठेवणे हा खरेपणा नव्हे, उद्धटपणा. मी सर्वांत पातळ दिले. तत्त्व सोडलेले नाही. पुस्तकात त्या पानावर खूण करून ठेवली आहे.

दुसरे पातळ लोखंड दर्जाप्रमाणे मोहतमीमांचे. त्यांनी एक फटका मारला, हात झटकला आणि म्हणाले, ‘नको भाई, मनगट मोडायचं माझं,’ आणि मधल्या बेताचे घेतले. पोलीस खात्याला अभिमान म्हणून काही नाहीच. ते उरलेले पातळ लोखंड मी घेतले. पण दर्जा म्हणून नव्हे. माझ्या हाताचा निकाल मी पक्षकार म्हणून नव्हे, न्यायाधीश म्हणून लावला. चांगले बसलेले फटके धरले. न बसलेल्यांपैकी जे मुरूम, ऊन किंवा गुंडाप्पाची बडबड यांमुळे गेले ते वजा केले. उरलेल्यांवरून माझा हात चांगल्यात मोडतो.

जाड लोखंड गुंडाप्पाला. शोभून दिसते.

१३ जानेवारी १९४६

गुंडाप्पा आज सर्वांच्या पुढे गेला. लाज नसली की माणसाला वारा, ऊन काही आडवे येत नाही. फटका मारतो आणि स्वतःच ‘वाह रे पठ्ठ्या’ म्हणतो. साहेबांचे चेंडू बाभळीत. माझेही दोन-तीन तिकडेच गेले, पण माझ्या फटक्यांत दिशा सोडली तर बाकी सर्व बरोबर होते.

तळहात सोलले आहेत. इथली जमीन या खेळाच्या लायकीची नाही.

परतताना साहेब सहज म्हणाले, ‘पुढल्या आठवड्यात कळंबला दौरा आहे. तुमचं गाव ना ते? तिथलं काही काम असलं तर सांगा.’ मी ओळखले. पहिल्या नियमाची परीक्षा पाहत होते. ‘काही नाही,’ मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. माझ्या निःस्पृहपणाचे त्यांना नवल वाटले असावे.

२९ जानेवारी

गौरा आली आहे. कळंबच्या मोटारीची धूळ अंगावर, आणि पाणीही न पिता पहिला प्रश्न.

‘अण्णा, तुमी रोज सायबासंगं असताव. इच्यारलं का?’

‘वेळ यायची आहे.’

‘कळंबला वेळ रोज येतीय. दोन घरी पाहुने येऊन गेले. तुळजाचा बाप मला म्हनतो, बाई, शाळा उद्या उघडा, मी तामलवाडीकरांस्नी आजच न्हाय म्हनतो. मी काय सांगू त्याला? अण्णा चेंडू खेळत्यात?’

मी तिला शांतपणे समजावले. मैदानावर विचारणे नियमाविरुद्ध आहे. आणि आता रोजची ऊठबस झाल्यामुळे कचेरीत जाऊन विचारणे म्हणजे त्या ऊठबशीचा फायदा घेणे.

‘म्हंजी वळख नव्हती तवा वळख न्हाय म्हनून इच्यारलं न्हाय, आन आता वळख हाय म्हनून इच्यारत न्हाय.’

बायकांना युक्तिवाद असा सरळसोट करायची खोड असते. मधल्या छटा त्यांना दिसत नाहीत.

‘मंग मी जाते कचेरीत,’ ती म्हणाली. ‘माझा अर्ज, मीच इच्यारते.’

मी मनाई केली. वकिलाने बहिणीला पुढे घातले असे गावभर झाले असते. कोपऱ्यातले माझे लोखंड उचलून तिने पात्यावरून बोट फिरवले आणि मग माझ्या तळहातांकडे पाहिले. ‘ह्येनं तर कांदाबी चिरंल,’ म्हणाली आणि आत गेली. चेष्टा कुठे करावी याला काही सुमार असतो.

माझे चुकते आहे का, यावर प्रामाणिकपणे विचार केला. विचारण्यात चूक झाली असती तर ती कायमची. न विचारण्यात चूक असली तरी ती कधीही दुरुस्त करता येते.

३ मार्च

कळंबहून निरोप आला. तुळजाची सुपारी फुटली. लग्न फाल्गुन शुद्ध द्वादशीला. स्वामींनी म्हटले आहे की हळद लागायच्या आत शाळा उघडली तर बापाचा शब्द पुन्हा लागू होतो, आणि बापही थांबायला तयार आहे.

म्हणजे अजून अवधी आहे. एखाद्या दिवशी खेळ साहेबांच्या मनासारखा झाला की कचेरीत भेट मागायची, असे नक्की ठरवले. दुर्दैवाने त्यांचा खेळ मनासारखा होत नाही.

१० मार्च

महिनाअखेर गुलबर्ग्याहून साहेबांचे वरिष्ठ सुभेदारसाहेब तपासणीला येणार आणि खेळही पाहणार. सगळ्या मैदानाचे धाबे दणाणले आहे. शरणबसप्पाने तेलाचे दोन डबे आणखी ओतले. मुंग्यांचे भाग्य.

आज साहेबांनी मला बाजूला घेतले. आम्ही दोघेच होतो. ‘वकीलसाब, खरं सांगा. हैदराबादेत मी इतका वाईट नव्हतो. इथं आल्यापासून चेंडू लागतच नाही. दोष हाताचा आहे की लोखंडाचा?’

मी गोंधळलो. लोखंडाचा म्हणावे तर ते मी दिलेले, आणि दिले ते त्यांचा मान राखायला. त्यांनी असा प्रश्न विचारून तो मान स्वतःच खाली ठेवला, पण मी तो कसा ठेवू? हाताचा म्हणावे तर तेही तसेच. खोटे मी बोलत नाही. म्हणून दोन्हींच्या बाहेरचे कारण शोधले.

‘वाऱ्याचा,’ मी म्हणालो.

‘वाऱ्याचा,’ साहेब म्हणाले. त्यांच्या सिगारेटचा धूर त्या वेळी सरळ वर जात होता. पण जमिनीलगतचा वारा वेगळा असतो.

‘आणखी काही बोलायचं होतं तुम्हाला?’

ही वेळ योग्य नव्हती. आधीच ते खेळामुळे त्रासलेले. मी नाही म्हणालो.

१६ मार्च

काल तुळजाचे लग्न झाले. गौराकडून निरोप आला नाही, मोटारीच्या ड्रायव्हरकडून कळले. एका मुलीच्या लग्नाने शाळा संपत नाही. बाकीच्या मुली आहेतच. तरी जेवण गेले नाही, हे नोंदवून ठेवतो.

३१ मार्च

सुभेदारसाहेब आले, पाहिले, गेले. जे झाले ते जसेच्या तसे लिहितो, कारण गुंडाप्पा ते उद्यापासून गावभर तिखटमीठ लावून सांगणार आहे.

साहेबांचा पहिला फटका हातभर गेला. दुसरा बाभळीत. सुभेदारसाहेब खुर्चीत बसून छत्रीच्या मुठीकडे पाहत होते. तिसऱ्या खेपेला साहेबांनी आपले लोखंड जमिनीवर ठेवले, सरळ गुंडाप्पाकडे गेले आणि त्याच्या हातातले जाड लोखंड मागून घेतले. कुणी काही बोलायच्या आत मारले. चेंडू उठला, माळ ओलांडून गेला आणि तपकिरी गोलाच्या काठावर जाऊन बसला. सुभेदारसाहेबांनी टाळी वाजवली, म्हणून सर्वांनी वाजवली.

साहेब माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. ‘वकीलसाब, हे मला पहिल्याच दिवशी का नाही दिलं?’

‘हुजूर, दर्जाप्रमाणे—’

‘चेंडूला माझा हुद्दा कोण सांगणार होतं?’ ते हसू लागले. ‘माझ्या इज्जतीखातर आणखी काय काय पोटात ठेवलंय तुम्ही?’

मी उत्तर दिले नाही. मैदानावर उभे होतो, नियम माझाच होता. तेव्हा तो गुंडाप्पा बोलला. ‘हुजूर, कळंबची पोरींची शाळा. अर्ज ह्यांच्या बहिनीचा हाय.’

साहेबांचे हसू थांबले. ‘तो मला ठाऊक आहे. पहिल्या महिन्यातच वाचला. चांगला अर्ज होता, सही करायला घेतला होता.’ मग माझ्याकडे पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, ‘पण तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याबरोबर. कधी एक शब्द नाही. दौऱ्याला निघताना मी स्वतः विचारलं, तुम्ही काही नाही म्हणालात. मी समजलो, भावाला पसंत नाही. विधवा बहीण बाहेर पडून शिकवते, घरातली नाजूक बाब. सही केली असती तर तुमचा अपमान झाला असता. तुमचा मान, तुमचा लिहाज राखून थांबलो.’

सुभेदारसाहेबांनी विचारले, काय प्रकार आहे? साहेब म्हणाले, ‘काही नाही, एक सही राहिली आहे.’ तिथेच कागद मागवून सही केली. म्हणजे मैदानावर कचेरीचे काम झाले ते झालेच. निदान ते माझ्याकडून झाले नाही.

त्यांचा गैरसमज समजण्यासारखा आहे, पण क्षम्य नाही. जिल्हा चालवणाऱ्या माणसाला गप्प बसण्याचे दोन अर्थ होऊ शकतात हे कळू नये? आणि त्यातला वाईट अर्थ त्यांनी सभ्यपणा म्हणून निवडला. इतके दिवस मी त्यांचा लिहाज राखला, ते माझा राखत होते, आणि श्रेय गुंडाप्पाला.

जाताना साहेब म्हणाले, ‘तुम्हीही जाड घ्या, वकीलसाब. हात बघा स्वतःचे.’ मी आभार मानून नकार दिला. आज सकाळपर्यंत ज्यांना पातळ हवे होते ते सगळे आता जाड मागत आहेत. मुन्सफाने तर गुंडाप्पाच्याच लोखंडावर हक्क सांगितला. साहेबांनी हातात घेतलेले, म्हणून. मोहतमीम एकटेच आपले मधल्या बेताचे घेऊन खेळत राहिले, त्यांना काही कळतच नाही. वारा फिरला म्हणून लोखंड बदलणारा मी नव्हे. माझ्या हाताला पातळ शोभते.

१४ एप्रिल

सहीचा कागद मी स्वतः कळंबला नेऊन दिला होता. आज शाळा उघडल्याचे पाहायला गेलो. पूर्वीच्या मुलींपैकी निम्म्याही नाहीत. ज्या होत्या त्या धाकट्या, बाराखडीवरच्या. गौरा नेहमीसारखी उभी राहून शिकवत होती. मला बसायला पाट दिला, गुळपाणी दिले, बोलली नाही. थकली असेल.

तुळजा माहेरी आली आहे. पाण्याची घागर घेऊन जाताना ओसरीच्या पायरीपाशी थांबली. हिरवा चुडा, कपाळावरून पदर ओढलेला. मी प्रेमाने जवळ बोलावले आणि फळ्यावरची ओळ वाचायला सांगितली. तिने गौराकडे पाहिले, मग मागे रस्त्याकडे. तिथे तिच्या सोबतीला आलेली सासू उभी होती.

‘इसरले मी,’ तुळजा म्हणाली आणि गेली.

चार-पाच महिन्यांत जे विसरते, त्याचा पाया कच्चाच असला पाहिजे. मी हे गौराला अगदी सौम्य शब्दांत सांगितले, पुढच्या मुलींच्या हिताचे म्हणून. सांगावे की नाही याचा आधी विचारही केला. या वेळी गप्प बसणे बरे नव्हे असे वाटले.

गौराने हातातला खडू खाली ठेवला. खुंटीवरची माझी टोपी काढली, फुंकर घालून तिच्यावरची धूळ उडवली आणि माझ्या हातात दिली.

मोटार सुटायला अजून बराच वेळ होता.